वहिनींचा तिसरा प्रश्न

आमच्या वहिनींनी एखाद्याला नारळ आणायला पाठवलं, तर तो माणूस मोहिमेवर निघाल्यासारखा निघायचा. "नारळ आणा. खालच्या पूजेच्या दुकानातून. शेंडीवाला. कानाशी हलवून पाणी वाजलं तरच घ्या. सोललेला दाखवतील, तो घेऊ नका. नसेल तर त्याच्याऐवजी खडीसाखर, सुपारी असलं काही उचलून आणू नका. रिकाम्या हाताने वर या आणि 'नाही मिळाला' असं तोंडाने सांगा." एवढं सांगून त्या पुन्हा कॉम्प्युटरकडे वळायच्या. याच्या निम्मीही चौकशी न करता जमलेली लग्नं मी पाहिली आहेत, आणि त्यांतली काही टिकलीसुद्धा. पण वहिनी होत्या तोवर आमच्या ऑफिसात चुकीचा नारळ आला नाही, ही गोष्ट मी शिवमंदिराच्या पायरीवर हात ठेवून सांगायला तयार आहे.

यातलं 'तोंडाने सांगा' हे त्यांचं खरं बोट ठेवायचं ठिकाण. काम झालं तर झालं म्हणा, नाही झालं तर नाही म्हणा, पण मधेच लटकवून ठेवू नका. आणि नेमक्या याच बाईंना देवाने अशा घरात आणून टाकलं होतं, जिथे तीन पिढ्यांत कुणी कुणाला सरळ उत्तर दिलं नव्हतं.

वहिनी माझ्या कुणी लागत नाहीत. आमचे मालक महेशदादा, त्यांच्या थोरल्या भावाची ही बायको. महेशदादा वहिनी म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायचो, आमच्यामुळे गिऱ्हाइकं म्हणायची, पाण्याचे जार टाकणारा म्हणायचा. माझा असा अंदाज आहे की अंबरनाथ पूर्वेत निदान निम्म्या वस्तीच्या त्या वहिनी होत्या. ऑफिस शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पूजेच्या सामानाच्या दुकानावर. खोली एक, खिडकी एक, आणि ती उघडली की समोरच्या इमारतीची भिंत आत येऊन बसायची. सोमवारी खालून बेलाचा आणि ओल्या फुलांचा असा वास यायचा, की आलेलं गिऱ्हाईक चपला बाहेर काढून हात जोडूनच आत शिरायचं. भिंतीला लाकडी मांडणी आणि तिच्यावर उल्हासनगरच्या दुरुस्तीच्या गल्ल्यांतून गोळा केलेले जुने मोबाईल, प्रत्येकाला एक वायर. धंदा असा, की छोट्या व्यापाऱ्यांची मोबाईलवरची अ‍ॅप बिघडली की नेमकं काय बिघडलं ते हुडकायचं आणि दुरुस्त करून द्यायचं.

पूर्वी हे हुडकण्याचं काम आम्ही माणसं करत होतो. मग महेशदादांनी एआय एजंट आणला. महिन्याच्या महिन्याला पैसे भरून त्याचा मान ठेवावा लागायचा, सांगितल्याशिवाय तो हलायचा नाही आणि काही बिघडवलं तरी त्याला बोलायची सोय नव्हती, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव जावई पडलं. जावई म्हणजे कॉम्प्युटरमधला एक प्रोग्राम. वायरीने मोबाईलला जोडला, की तो स्वतः बटणं दाबून बघणार, पडद्याचे फोटो काढणार, मोबाईलच्या आतल्या नोंदी वाचणार, आणि शेवटी रोग सांगणार. पण हे सगळं करायला त्याला हत्यारं द्यावी लागतात. त्यांना टूल म्हणतात. एक टूल बटण दाबतं, एक फोटो काढतं, एक अ‍ॅप बंद करून चालू करतं. कुठलं टूल कधी उचलायचं हे जावयाला कळतं ते फक्त त्या टूलशेजारी आपण लिहिलेल्या चार ओळींच्या वर्णनावरून. त्याला बिचाऱ्याला ना डोळे, ना शेजारी, ना कुणाला डोळा मारून विचारायची सोय. त्या चार ओळी एवढंच त्याचं जग.

आणि त्या चार ओळी सुरुवातीला लिहिल्या महेशदादांनी. महेशदादा मूळचे विक्रीतले. त्यांना काही लिहायला दिलं की ते विकायलाच लागायचे. अ‍ॅपमधली साठवलेली सगळी माहिती पुसून टाकणारं एक टूल होतं. म्हणजे आमच्या कपाटातलं ते विष. त्याच्यापुढे महेशदादांनी लिहिलं होतं, 'अत्यंत प्रभावी टूल. सर्व अडचणींवर उपयुक्त. अ‍ॅप ताजेतवाने करते.' जावई पडला भोळा. सर्व अडचणींवर म्हटल्यावर त्याने ते सर्व अडचणींवर वापरलं. अक्षर बारीक दिसतंय, पूस. आवाज येत नाही, पूस. आमच्या मांडणीवरचे मोबाईल आठवड्याभरात असे कोरे झाले, की आता त्यांचं बारसं करावं लागणार असं वाटायला लागलं.

वहिनींनी तोवर ऑफिसात फक्त हिशेबाचं आणि फोन उचलायचं काम धरलं होतं. त्या उठल्या, महेशदादांच्या खांद्यावरून पडद्यावर वाचलं आणि म्हणाल्या, "भावजी, हे वर्णन आहे की खरजेच्या मलमाची जाहिरात?"

"अहो वहिनी, जरा पॉझिटिव्ह लिहावं लागतं."

"मग त्याने पॉझिटिव्हच केलंय की. सरका तिकडे."

आणि त्यांनी लिहिलं, 'हे टूल अ‍ॅपमधली साठवलेली सगळी माहिती पुसतं. पुसलेलं परत येत नाही. अ‍ॅप अडकलं एवढ्यासाठी वापरू नये, त्यासाठी बंद करून चालू करायचं टूल वेगळं आहे. पूर्ण नव्याने सुरुवात करायची असेल आणि माणसाने तसं सांगितलं असेल, तेव्हाच वापरावं.' त्या दिवसापासून जावई सुधारला. विषाच्या बाटलीकडे तो नुसता बघायचा आणि नमस्कार करून पुढे जायचा. हिशेब माझ्या गळ्यात आला आणि वहिनी वर्णनं लिहायला बसल्या.

"आधी कधी वापरू नये ते सांगायचं," हे त्यांचं ब्रीद. "कधी वापरावं ते ज्याचं तो शोधतो. घोळ होतो तो दुसरीकडे." मी एकदा एका टूलच्या वर्णनात 'योग्य त्या वेळी वापरावे' असं लिहिलं. त्यांनी मला समोर बसवलं. "योग्य वेळ म्हणजे कधी?" मी म्हटलं, जेव्हा गरज असेल तेव्हा. "गरज म्हणजे?" मी म्हटलं, योग्य वेळ आली की. तेवढ्यात माझं मलाच हसू आलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आपण असं लिहितो ना, तेव्हा आपल्यालाच माहीत नसतं. म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात घालतो."

त्यांचं घर बदलापुरात सोनिवलीला, नव्या इमारतींच्या घोळक्यात. एकाच फ्लॅटमध्ये सासूबाई, वहिनी, त्यांचे यजमान आणि महेशदादा. महेशदादांचं लग्न व्हायचं होतं, मुली बघणं चालू होतं, पण 'आवडली का' असं विचारलं की ते म्हणायचे, "बघू." अशा किती मुलींचे बाप अजून उत्तराची वाट बघत असतील ते बदलापूरच्या मंगल कार्यालयांना विचारा. सकाळी वहिनी स्वयंपाक करून, डबे भरून महेशदादांच्या गाडीत मागे बसायच्या. मी वाटेत चढायचो, पुढे. त्या गाडीचा मागचा दरवाजा आतून उघडत नसे. आतला खटका कधीच तुटला होता. "करून घ्यायचाय, बघू," असं महेशदादा म्हणाले होते, तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. मुक्काम आला की मी उतरून बाहेरून दार उघडायचं आणि वहिनींना सोडवायचं. घरी गेल्या की महेशदादा विचारणार, "ऑफिसचं कसं काय," आणि ऑफिसला आल्या की तेच म्हणणार, "घरचंच तर आहे." मधला रस्ता त्या दारामागे.

मग त्यांच्या यजमानांचा कारखाना अंबरनाथमधून गाशा गुंडाळून पुण्याच्या बाजूला गेला. गेलेल्यांबरोबर तेही गेले. तिकडे एक खोली घेऊन राहायला लागले, शनिवारी यायचे, रविवारी संध्याकाळी परत. मेसच्या जेवणाने माणूस असा वाळला की शनिवारी दार उघडल्यावर आधी पिशवी आत यायची आणि मग नीट बघितलं तर पिशवीमागे ते दिसायचे. थोड्याच दिवसांत वहिनींना तिकडच्या एका कंपनीतून विचारणा आली. काम हेच, टूलची वर्णनं लिहायची. नवऱ्याच्या खोलीपासून रिक्षाच्या अंतरावर. मला वाटतं, वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागायचं ठरवलं.

पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

"भावजी, मी तिकडे जाऊ म्हणते. ह्यांच्याकडे. नोकरीचंही जमतंय. तुमचं काय म्हणणं?"

महेशदादांनी मोबाईल खाली ठेवला, परत उचलला. "वहिनी, चांगलंच आहे की. पण आता ती परसूमल शेठची भानगड आलीये ना डोक्यावर. ती निपटू दे. मग बघू."

'चांगलंच आहे' याला हो धरावं, तर त्याच्या मागे 'पण' उभा. आणखी काही येत नाही असं बघून वहिनी परत कॉम्प्युटरकडे वळल्या. 

परसूमल शेठ म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्पातले सिंधी जीन्सवाले. दुकानदारांच्या ऑर्डरी त्यांच्या मोबाईलवर यायच्या आणि त्यांनी 'पाठवा' दाबलं की शिलाईच्या कारखान्यात जायच्या. दाबलं की अ‍ॅप गोठायचं. मजा अशी, की आमच्या मांडणीवरच्या एकाही मोबाईलवर ते गोठत नव्हतं, फक्त शेठच्याच मोबाईलवर. म्हणून मोबाईल आमच्याकडे ठेवा म्हटलं. शेठ म्हणाले, "साईं, फोन जिधर, परसूमल उधर." आणि खरोखर मोबाईलशेजारी खुर्ची टाकून बसले. मोबाईल वायरीला बांधलेला, शेठ मोबाईलला बांधलेले. घरून दालपकवानाचा डबा यायचा. खालचा पूजेवाला त्यांना नवीन भाडेकरू समजून वीजबिलाचं विचारायला आला होता.

एका दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि जावयाला सांगितलं, की एक खरी ऑर्डर पाठवून बघ, कुठे अडकतं ते सांग. जावयाने 'पाठवा' दाबलं. ते दाबणारं टूल मी लिहिलेलं, आणि ते दाबून झाल्यावर काहीच कळवायचं नाही. ना झालं, ना नाही झालं. कोरं. जावयाला वाटलं, दाबलं गेलं नसावं. परत दाबलं. कोरं. आमची आमटी-भात, दालपकवान, बडीशेप होईपर्यंत जावई इमानाने दाबत होता. आणि अ‍ॅप आतल्या आत एकेक ऑर्डर साठवून ठेवत होतं. जेवण झाल्यावर शेठनी घरी फोन लावायला मोबाईल वायरीतून काढला, आणि त्या सगळ्या साठलेल्या ऑर्डरी एकदम सुटल्या. धरणाचं दार उघडावं तशा.

शिलाई कारखान्याच्या मुकादमाने शेठवर विश्वास ठेवून कापड बेतायला घेतलं. थांबवेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. त्या वर्षी उल्हासनगर ते बदलापूर ज्याला बघावं त्याच्या अंगात एकाच निळ्या रंगाची, एकाच मापाची जीन्स. दूरचा पाहुणा आला तर त्याला वाटावं, इथे सगळ्या गावाला सरकारी गणवेश आहे. माझ्याकडे अजून दोन आहेत, ढगळ होतात, पट्टा आवळून घालतो.

शेठ मात्र शांत. "वहिनी, आपका जमाई मेहनती बहोत है. बस रुकना नहीं जानता."

"त्याला थांब कुणी म्हटलंच नाही, शेठ," वहिनी म्हणाल्या. मग खुर्ची आमच्याकडे वळवून, "त्याचं काय चुकलं? त्याने काम केलं आणि विचारलं, झालं का. आपण गप्प. मग त्याने परत केलं. घरात कुणाला काही विचारलं आणि समोरचा नुसता टीव्हीकडे बघत राहिला, तर माणूस काय करेल? परत विचारेल. परत विचारेल. शेवटी आपलाच आवाज आपल्याला येड्यासारखा वाटायला लागतो. पण विचारणं सुटत नाही, कारण कुणी नाहीही म्हटलेलं नसतं."

महेशदादा जोरजोरात मान हलवत होते. "करेक्ट, वहिनी. एकदम करेक्ट."

त्याच दुपारी वहिनींनी सगळी टूल दुरुस्त करवून घेतली. प्रत्येकाने काम संपल्यावर तोंड उघडलंच पाहिजे, झालं किंवा नाही झालं. आणि प्रत्येक वर्णनाच्या खाली जावयासाठी एक नियम घातला. तो मला पाठ आहे. 'उत्तर आलं नाही, तर काम परत करू नकोस. फक्त विचार, झालं का. तीनदा विचार. तिसऱ्यांदाही उत्तर नाही आलं, तर ते येणार नाही असं समज. वाट बघत बसू नकोस. काय विचारलं होतंस ते लिही आणि पुढचं काम धर.'

दुसऱ्या दिवशी जावयाने 'पाठवा' एकदाच दाबलं, तीनदा विचारलं, गोठलेल्या अ‍ॅपकडून उत्तर नाही म्हटल्यावर पुढचं काम म्हणून मोबाईलच्या आतल्या नोंदी वाचायला घेतल्या, आणि चहा निवायच्या आत रोग सांगितला. शेठनी बॅटरी वाचवायची सोय चालू ठेवली होती, ती अ‍ॅपला बाहेर काही पाठवूच देत नव्हती; कुणाला फोन लावला की तेवढ्यापुरती सुटायची. शेठनी बाहेर पडताना मोबाईलची वायर स्वतःच्या हाताने सोडवली आणि खुर्चीकडे वळून बघितलं. आमच्यापैकी तेवढेच एक सुटले.

शेठची भानगड निपटली, तेव्हा वहिनींनी दुसऱ्यांदा विचारलं. संध्याकाळी परत जाताना आमची गाडी पाण्याच्या टँकरमागे अडकली होती. पुढे टँकर, मागे डंपर, महेशदादांनी पेट्रोल वाचवायला एसी बंद केलेला. मागून वहिनींचा आवाज आला.

"भावजी, शेठचं झालं. आता माझं काय?"

महेशदादांनी आरशातून मागे बघितलं. "अहो, मी कुठे नाही म्हणतोय. पण आईचं कोण बघणार? तिचे गुडघे, तिचं पथ्य. दिवाळी होऊ दे. बघू ना."

 वहिनींनी सहज हात लावावा तसा दाराच्या खटक्याला हात लावला, आणि काढून घेतला. मी समोरच्या टँकरवरचा 'पाणी वाचवा' हा मजकूर एवढ्या मन लावून वाचला, की तो अजून मला उलटा लिहून दाखवता येईल.

दिवाळी झाली. फराळाचे डबे रिकामे होऊन परत आले. पुण्याच्या कंपनीने सांगितलं, येत्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरं माणूस घेतो. त्या आठवड्यात आमच्याकडे एक मोठं गिऱ्हाईक आलं. महेशदादांनी त्यांना जावई दाखवला आणि वहिनींचा तो नियम स्वतः केल्यासारखा वाचून दाखवला. "तिसऱ्यांदाही उत्तर नाही आलं, तर ते येणार नाही असं समज. काय लॉजिक आहे बघा सर. यामुळे आमचा एजंट कधी अडकत नाही." सर खूश झाले. पेढा खाऊन गेले. महेशदादा हात पुसत खुर्चीत टेकले.

वहिनी उठून त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "भावजी, सोमवारी मला तिकडे हजर व्हायचंय. जाऊ का?"

मी मनात म्हटलं, दादा, नाही म्हणा. खरंच. नाही म्हणाले असते तर वहिनी भांडल्या असत्या, रडल्या असत्या, आणि कदाचित राहिल्याही असत्या. सरळ नाहीला त्या फार मान द्यायच्या.

"आत्ताच तर तो माणूस गेला, वहिनी. चहा तरी घेऊ. बघू ना निवांत."

"बरं," वहिनी म्हणाल्या. एवढंच. मी त्यांच्याकडे बघत होतो. चेहऱ्यावर राग नव्हता. उन्हातून आलेला माणूस पंख्याखाली बसतो तसा चेहरा. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, खणातून आरसा आणि कुंकवाची डबी काढून पर्समध्ये टाकली, आणि मला म्हणाल्या, "आज मी रिक्षाने जाते. तुम्हाला दार उघडायला उतरावं लागणार नाही."

रविवारी सकाळी महेशदादांचा मला फोन. "अरे लवकर ये, वहिनी सामान बांधतायत." मी राहतो तिथून सोनिवली हाकेच्या अंतरावर. गेलो तर इमारतीखाली छोटा टेम्पो उभा. वहिनींचे यजमान वर दोरी बांधत होते, आणि मी शपथेवर सांगतो, नुसत्या बातमीने चार दिवसांत त्यांच्या अंगावर मांस आलं होतं. महेशदादा बनियनवर, हातात टूथब्रश.

"वहिनी, पण मी नाही कुठे म्हटलं?"

"हो तरी कुठे म्हटलंत, भावजी?"

"म्हणणारच होतो ना. बघू म्हटलं होतं."

"तीनदा म्हटलंत."

महेशदादांनी ब्रश एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. आता त्यांनी आपला हुकमी पत्ता काढला. "आणि आईचं काय? तिचा विचार केलात?"

तेव्हा टेम्पोच्या पुढच्या सीटवरून आवाज आला. "माझं काय व्हायचंय? मी बसलेय." सासूबाई. मांडीवर देव्हाऱ्याची पितळी घंटा, पायाशी गुडघ्याच्या तेलाची बाटली. "हिने मला परवा विचारलं, येता का. मी म्हटलं, येते. संपलं की नाही? तू कधी विचारलंस का रे मला?"

इतके महिने ज्या म्हाताऱ्या बाईंच्या नावावर सगळं अडून बसलं होतं, त्या बाईंना खुद्द कुणी विचारलंच नव्हतं. टेम्पो गेला तेव्हा घंटा आपोआप वाजत होती. वळणापर्यंत ऐकू आली.

जाताना वहिनी मला म्हणाल्या, "तिकडे आणखी एक माणूस हवाय वर्णनं लिहायला. तुमचं आता बरं जमतं. भावजींना विचारून बघा. नाही म्हणाले तर तसं मला तोंडाने कळवा." वर फ्लॅटमध्ये गेलो, तर स्वयंपाकघरात कुकरला चिठ्ठी चिकटवलेली. 'शिट्टी पडल्याबरोबर उघडू नये. झाकण निघत नसेल तर जोर करू नये. आत वाफ आहे.' महेशदादांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. त्या दिवशी आम्ही दोघांनी वडापाव खाल्ला.

आता जावई शहाणा झाला आहे. वहिनींच्या वर्णनांतली एक ओळ आम्ही बदललेली नाही. दिवसातून कितीदा तरी पडद्यावर त्याचं लिहिलेलं उमटतं, 'तीनदा विचारलं. उत्तर नाही. पुढचं काम धरतो,' आणि तो पुढचं काम धरतो. महेशदादा मधूनमधून वहिनींना फोन करतात, परत याल का विचारायला. म्हणजे दोनदा केलाय. दोन्ही वेळा वहिनी गोड आवाजात म्हणाल्या, "बघू, भावजी." तिसरा फोन ते करत नाहीत. नंबर काढतात, बघतात आणि मोबाईल पालथा ठेवतात.

मला त्यांना हसायचा अधिकार नाही. तिकडे जाऊ का म्हणून मीही त्यांना दोनदा विचारलंय. पहिल्यांदा म्हणाले, नवीन माणूस तयार होऊ दे, बघू. नवीन माणूस तयार झाला. त्याला गाडीत मागे मळमळतं, म्हणून तो पुढे बसतो, मी मागे. दुसऱ्यांदा म्हणाले, वर्ष संपू दे. वर्ष संपलं. तिसरा प्रश्न माझ्या तोंडाशी रोज येतो, बहुतेक टँकरमागे अडकलो की. सरळ नाही ते कधी म्हणायचे नाहीत; विचारला की हो येईल किंवा उत्तरच येणार नाही, आणि दोन्हीकडून मला उठून तिकडे जावंच लागेल. मग मी काचेतून बाहेर बघतो. मुक्काम आला की नवीन माणूस उतरतो आणि बाहेरून माझं दार उघडतो.